नाक काढू नका, सावली काढा

चेहऱ्यावर रेषा नसतात. एकसुद्धा नसते! नाकाच्या कडेनं उतरणारी नसते, ओठांभोवती नसते, गाल संपून कान सुरू होतो तिथेही नसते. असतो तो उजेड आणि असते ती सावली. दोघांची जिथे गाठ पडते ती सीमा कुठे लख्ख आणि धारदार असते, तर कुठे इतकी मऊ की इथे सावली संपली असं बोट ठेवून सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी, हातात कोळशाची काडी असताना, मला हे कळलं, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. शेजारच्या काकूंना सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

पुण्यात आमच्या पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी हौशी चित्रकार जमतात. कुणी बँकेतलं, कुणी शाळेत गणित शिकवणारं, एक डेंटिस्ट बाई, कॉलेजातली दोन मुलं. प्रत्येकाजवळ एक ड्रॉइंग बोर्ड आणि त्यावर क्लिपांनी लावलेला कार्ट्रिज पेपर. मधोमध लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत त्या दिवशीचं मॉडेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बसले होते. खिडक्या लावून घेतलेल्या, आणि डाव्या बाजूनं, थोडा वरून, एकच दिवा. शिकवणारे सर फिरत फिरत माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ताई, डोळे किलकिले करा. अजून. अजून थोडे. आता काकांचं नाक दिसतंय?"

"नाही दिसत, सर."

"मग ते काढू नका. काळोख कुठून कुठपर्यंत आहे, तेवढाच काढा."

आणि मी काढला! कपाळाच्या कडेला सुरू झालेला काळोख भुवईखाली डोळ्याच्या खोबणीत शिरला, नाकाच्या कुशीतून खाली आला, नाकपुडीखालून वरच्या ओठावर गेला (वरचा ओठ खालच्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे उजेड वरून आला की तो जवळजवळ नेहमी सावलीत असतो, हे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं!), खालच्या ओठाला वळसा घालून हनुवटीखाली उतरला आणि मानेवर पसरला. एकच सलग आकार. तो मी एकाच टोननं भरून टाकला. त्यात पापणी नव्हती, बुबुळ नव्हतं, मिशीचा एक केस नव्हता. चार पावलं मागे सरून पाहिलं, तर कागदावर काका होते. किंचित कललेली ती मान, 'सुट्टे काढा' म्हणणारा तो करडा भाव, सगळं हजर. मी काढलेलंच नव्हतं असं सगळंसुद्धा हजर होतं! डोळा काढला नव्हता, तरी डोळा दिसत होता. माझ्या तोंडून मोठ्यानं "अहो!" निघून गेलं आणि सगळा वर्ग वळून बघायला लागला.

असं होतं तरी कसं? मी याचा पिच्छाच पुरवला, आणि अर्धं उत्तर चित्रकलेत नाही, आपल्या मेंदूत आहे. चेहरा ओळखण्यात माणसाचा मेंदू इतका तरबेज असतो की ओळख पटली रे पटली की त्याला पुढे बघण्याची गरजच उरत नाही. 1980 साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांचा एक फोटो घेतला आणि त्यातले डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवले. तो फोटो खालचा वर करून धरला तर फारसं काही खटकत नाही. बाई हसताहेत असंच वाटतं. तोच सुलटा केला की अंगावर काटा येतो! उलट्या चेहऱ्यापुढे आपलं ते तरबेज यंत्र चालतच नाही, त्याला सुटे भाग दिसतात पण त्यांचा मेळ दिसत नाही. आणि चित्र काढणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच अवस्था. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कलाशिक्षिकेनं 1979 मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात ती नवशिक्यांना चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायला लावते. उलटं ठेवलं की 'नाक', 'डोळा' ही नावं गळून पडतात आणि उरतात ते नुसते आकार. घरातला कुणाचाही फोटो घ्या, उलटा ठेवा आणि काढून बघा. आजच बघा!

डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात हे तुम्हाला ठाऊक होतं? माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग डोळ्यांच्या वर असतो. पण जवळपास प्रत्येक नवशिका डोळे खूप वर काढतो, कारण आपण माणसाशी बोलताना त्याचं कपाळ बघतच नाही. भावना सगळ्या डोळ्यांपासून खाली घडतात, म्हणून मेंदू तेवढाच भाग मोठा धरतो. समोरून पाहिलं तर चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. ही मापं प्रत्येक माणसात थोडीथोडी चुकतात, आणि ती जिथे चुकतात तिथेच तो माणूस सापडतो.

त्या रविवारनंतर मी चित्रं बघायला लागले. बघत आधीही होते, पण आता मला प्रत्येक चित्रापाशी विचारायला एक प्रश्न होता: इथे सावली कुठे सोडून दिलीय? आणि पहिल्याच झटक्यात रेम्ब्रां या चित्रकारानं मला गारद केलं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं 1628 च्या सुमाराचं एक आत्मचित्र आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चित्र जेमतेम 22 सेंटिमीटर उंचीचं, आपल्या शाळेच्या वहीच्या पानाएवढंसुद्धा नाही. आणि या पोरानं काय केलंय? स्वतःचे डोळे सरळ अंधारात टाकलेत! उजेड पडलाय तो मानेवर, कानाच्या पाळीवर, एका गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर. व्यक्तिचित्रात डोळे म्हणजे सर्वस्व असं सगळे म्हणतात, आणि बावीस वर्षांचा मुलगा म्हणतो, शोधा. आपण शोधतो आणि ते सापडतात, त्या काळोखातून तो आपल्याकडेच बघत असतो. डोक्यावरच्या कुरळ्या बटा तर त्यानं ब्रशच्या मागच्या टोकानं ओला रंग खरवडून काढल्यात. मी याची मोबाइलवर छबी मोठी करकरून पाहिली. पुन्हा कोळसा घेतला. पुन्हा पाहिली.

कोळशाबद्दल सांगायलाच हवं. विलो नावाच्या झाडाच्या बारीक काड्या हवा लागू न देता भाजतात की झाली ही काडी तयार. पेन्सिल कागदावर रेघ मारते, कोळसा कागदावर नुसता बसतो. म्हणून तो बोटानं पसरतो, फडक्यानं झटकला तर निघतो, फुंकरीनंही उडतो. पेन्सिलीनं सावली भरायला तास लागतो, कोळसा आडवा धरला तर एका फटकाऱ्यात अर्धा चेहरा झाकला जातो. आणि पुसणं हेसुद्धा चित्र काढणंच असतं! मळता येणारा एक खोडरबर मिळतो, कणकेच्या गोळ्यासारखा. त्याला चिमटीत टोक काढायचं, सावलीत हलकेच टेकवायचं, की तिथे उजेड उमटतो. मी आता अनेकदा अख्खा कागद करडा करून घेते आणि मग चेहरा त्यातून पुसून पुसून वर आणते. शेवटी फिक्सेटिव्हचा फवारा मारायचा, नाहीतर शेजाऱ्याच्या शर्टाला सगळं चित्र लागून जातं.

या कोळशामुळे मला जॉन सिंगर सार्जंट भेटला, आणि त्यानं माझी झोप उडवली आहे. 1856 साली फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला हा अमेरिकन, शिकला पॅरिसमध्ये, नावारूपाला आला लंडनमध्ये. श्रीमंतांच्या तैलचित्रांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि 1907 च्या सुमारास, मागणी शिगेला पोचलेली असताना, त्यानं तैलरंगातली व्यक्तिचित्रं जवळजवळ बंद केली. लोक ऐकेनात, तेव्हा तो त्यांना कोळशात काढून द्यायला लागला, एका बैठकीत, दोन-तीन तासांत. अशी शेकडो चित्रं त्यानं केली! कवी यीट्सचं 1908 मधलं आहे, कादंबरीकार हेन्री जेम्सचं आहे. पुसायला तो पावाचा मऊ गाभा वापरायचा. मी घरी करून पाहिलं, पाव कोळसा अगदी अलगद उचलतो आणि कागदाला इजा करत नाही. त्याची रीत अशी: बोर्ड मॉडेलच्या शेजारी उभा करायचा, खूप मागे जायचं, तिथून दोघांकडे एका नजरेत बघायचं, मग झपझप पुढे येऊन एक फटकारा मारायचा आणि पुन्हा मागे. काम करताना तो असाच सारखा पुढेमागे चालत असे. म्हणून त्याच्या चित्रात जवळून पाहिलं तर काहीच दिसत नाही. एक काळा पट्टा, एक पुसलेला डाग. चार पावलं मागे सरा, तो पट्टा पापणी होतो.

त्याची एक युक्ती मला कळली त्या रात्री मी आनंदानं घरभर फिरत होते. उजळ गालाची कड दाखवायला तो गालाला रेघ मारत नाही. तो गालामागची पार्श्वभूमी काळी करतो. गाल आपोआप पुढे येतो! आणि सावलीतल्या गालाची कड? ती तो कित्येकदा पार्श्वभूमीत विरघळवूनच टाकतो. म्हणजे एका बाजूला चेहरा उगवतो आणि दुसऱ्या बाजूला मावळतो. एथेल स्मिथ नावाची इंग्लिश संगीतरचनाकार होती, तिचं 1901 मधलं त्यानं काळ्या खडूत केलेलं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. ती गात होती आणि तो काढत होता. गाणारं माणूस स्थिर बसत नाही, तोंड सारखं बदलतं, मान वर जाते. तरी त्यानं तिला गाताना पकडली. चित्राकडे बघताना सूर कुठल्या पट्टीत असेल याचा मी विचार करते.

आता आपल्याकडे या, कारण ज्या हळदणकरांच्या चित्राची छापील प्रत मी लहानपणापासून बघत आले, तेही मला आताच दिसलं! सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म 1882, सावंतवाडीचे. त्यांची ती दिवा घेतलेली स्त्री, मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. उभी राहिलेली मुलगी हळदणकरांचीच, गीता. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. ज्योत आपल्याला थेट दिसत नाही, दिसतात ते ज्योतीच्या उजेडानं आतून लाल झालेली बोटं आणि खालून उजळलेला चेहरा. खालून! म्हणजे माझ्या वर्गात जे जे शिकवलं ते सगळं इथे उलटं आहे. वरचा ओठ इथे उजेडात येतो, नाकाचा खालचा भाग उजळतो. आणि हे जलरंगात! जलरंगात उजेड म्हणजे बहुतेक वेळा कागदाचाच पांढरा. तो नंतर आणता येत नाही, सुरुवातीपासून राखावा लागतो. उजेड कुठे सोडायचा हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ज्याला पक्कं ठाऊक, त्या माणसापुढे मी मनातल्या मनात रोज एकदा हात जोडते.

मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि तिथून व्यक्तिचित्रणाची जी परंपरा निघाली ती किती मोठी आहे, याची मला कल्पनाच नव्हती. धुरंधर, पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, आचरेकर. एकेक नाव म्हणजे एकेक आठवडा जातो माझा. पुणेकरांना तर फार लांबही जायला नको. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. नाटकाची घंटा व्हायच्या गडबडीत मी त्यांच्यासमोरून कितीदा गेले असेन! परवा मध्यंतरात बटाटेवड्याची रांग सोडून त्यांच्यासमोर उभी राहिले. एकच कवटी, एकच जबडा, एकच डोळे. मग एकात पुरुष आणि एकात स्त्री कशी? व्यक्तिचित्र म्हणजे साम्य, असं म्हणतात. पण एकाच माणसाशी दोन चित्रांचं साम्य आणि दोन्हींत माणूस वेगळा, हे बघितल्यावर साम्य ही किती खोल गोष्ट आहे ते समजतं. तिसरी घंटा झाली तरी मी तिथेच होते.

आणि हे सगळं इतिहासजमा आहे असं कुणी समजू नये. चित्रकार वासुदेव कामत आपल्यातच आहेत. 2006 मध्ये त्यांनी काढलेल्या पत्नीच्या चित्राला पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर पुरस्कार मिळाला. जगभरातले चित्रकार जिथे चित्रं पाठवतात तिथे एका मुंबईकरानं घरच्या माणसाचं चित्र पाठवलं आणि जिंकलं! शिवाय आपल्याकडे प्रात्यक्षिकांची एक फार सुंदर पद्धत आहे. ज्येष्ठ चित्रकार व्यासपीठावर मॉडेल बसवून दोनेक तासांत अख्खं व्यक्तिचित्र सगळ्यांसमोर करून दाखवतात, आणि खाली शे-दोनशे माणसं श्वास रोखून ब्रशकडे बघत असतात. गाण्याच्या मैफलीला जाता तसे एकदा याला जा. सुरुवातीची वीस मिनिटं नुसते डाग पडतात, आणि मग एका क्षणी सगळ्या सभागृहाला एकदम माणूस दिसतो. त्या क्षणी सभागृहातून जो आवाज निघतो तो ऐकायला मी कुठेही जाईन.

पण थांबा. इतकं सावलीचं पुराण सांगितलं आणि मग मला हान्स होल्बाइन भेटला, त्यानं सगळं उलथंपालथं केलं.

हा जर्मन चित्रकार 1532 नंतर इंग्लंडमध्ये राजा आठव्या हेन्रीच्या दरबारी वर्तुळातली माणसं काढत होता. त्याची जवळपास ऐंशी रेखाटनं विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. बरीचशी फिकट गुलाबी लेप दिलेल्या कागदावर. कागदच कातडीच्या रंगाचा, म्हणजे कातडी रंगवायची गरजच नाही! आणि सावली? जवळजवळ नाहीच. आहे ती रेषा. कानशिलापासून निघून गालाच्या हाडावरून हनुवटीला वळणारी एक रेषा, कुठे दाबलेली, कुठे नुसती स्पर्श केलेली, आणि त्या एका रेषेत माणसाचं वजन, वय, संशयी स्वभाव, सगळं! चेहऱ्यावर रेषा नसतात हे मी पहिल्याच ओळीत ठणकावून सांगितलं, तेही खरं आणि होल्बाइनही खरा. त्याची रेषा म्हणजे चेहऱ्यावरची खूण नव्हे. चेहरा जिथे आपल्या नजरेआड वळतो, ती जागा त्यानं शोधून काढलेली असते. ज्याला तो वळण्याचा वेग दिसतो त्याला सावली लागत नाही. केवढं धाडस आहे हे! मी तीन दिवस कोळसा बाजूला ठेवून नुसती एक कड काढत बसले होते.

त्यानं काढलेल्या सर टॉमस मोरच्या रेखाटनात बाह्यरेषेवर बारीक भोकं आहेत. त्या भोकांतून काळी पूड झटकून आकृती दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायची. आणि आपल्याकडच्या लघुचित्रांतही नेमकं हेच करायचे, त्याला खाका म्हणतात! भोकं पाडलेला कागद, पुरचुंडीत कोळशाची पूड, वरून हलकेच थापटायचं. लंडन असो की आग्रा, काम तोच कोळसा करतोय.

आग्र्यावरून आठवलं, 1618 मध्ये जहांगीराच्या दरबारी एक आजारी उमराव निरोप घ्यायला आला. इनायत खान. अफू आणि दारूनं शरीराची काडी झालेली. जहांगीर त्याची दशा बघून इतका चकित झाला की त्यानं चित्रकारांना त्याला काढायला सांगितलं. त्यातलं रेखाटन बोस्टनच्या संग्रहालयात आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. रंगीत सुरेखच आहे, पण माझं ऐकाल तर रेखाटन बघा. लोडाला टेकलेला माणूस, बरगडी न् बरगडी, बसलेले गाल, आणि रेषा इतकी सौम्य की दयेनं काढलीय असं वाटावं. त्या चित्रकाराला माणूस मरताना बघून, न डगमगता, त्याच्या गालाचा खड्डा नेमका कुठे संपतो ते पाहावं लागलं असणार.

आणि सावलीचा आणि रेषेचा, हे दोन प्रवाह खरोखर एकत्र आले होते! तो सावलीचा बादशहा रेम्ब्रां, 1656 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, आणि साधारण त्याच सुमारास तो मुघल लघुचित्रांच्या नकला करत बसला होता. अशी वीसच्या वर रेखाटनं आज आहेत, आशियातून आलेल्या सुंदर कागदावर केलेली. शहाजहान, जहांगीर, दरबारी, मुल्ला. शहाजहान तेव्हा हयात होता! पन्नाशीतला, नावाजलेला, कर्जात बुडालेला चित्रकार दुसऱ्याच्या रेषा शिकण्यासाठी नकला करतो. नक्कल करणं कमीपणाचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला ही रेखाटनं दाखवायची आहेत. मी स्वतः सार्जंटच्या नकला करते, होल्बाइनच्या करते, आणि दर वेळी त्यांच्या हाताच्या वेगाचा पत्ता लागतो. नुसतं बघून तो कधीच लागत नाही.

फोटोवरून केसन्‌केस उतरवण्याचं मात्र मला आता आकर्षण राहिलं नाही. त्यामागची चिकाटी मोठी असते, पण कॅमेरा सावली गिळून टाकतो. खऱ्या चेहऱ्याच्या सावलीत खांद्यावरून, शर्टावरून परत आलेला एक मंद उजेड असतो, जबड्याखाली तो फार छान दिसतो. फोटोत बहुधा तिथे नुसतं काळं. आणि समोर बसलेला माणूस श्वास घेतो, कंटाळतो, काहीतरी आठवून ओठ आवळतो. तासाभरात त्याचे वीस चेहरे होतात आणि चित्रात त्या विसांचा मिळून एक होतो.

माझी सगळ्यात आवडती मॉडेल माझी आत्या. दुपारी खिडकीशी लसूण सोलत बसते, उजेड एका बाजूनं येतो, आणि मी बोर्ड घेऊन समोर.

"अगं, माझं काय काढतेस? नुसत्या सुरकुत्या."

"सुरकुत्याच हव्यात मला, आत्या. हलू नकोस गं."

सुरकुतीसुद्धा रेघ नसते! ती छोटीशी टेकडी असते, एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला छाया. तशी काढली तर चेहरा जिवंत राहतो, रेघ म्हणून ओढली तर नुसता ओरखडा उठतो. परवाचं चित्र मी फक्त मोठ्या सावल्यांवर थांबवलं, बारकाव्यांत गेलेच नाही. आत्यानं चष्मा लावून पाहिलं, जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ही तर माझी आई आहे." आजीला मी पाहिलेलं नाही. पण आत्याच्या नाकाडोळ्यांखाली जी हाडं आहेत ती आजीची आहेत, आणि सावली हाडांवरून पडते. मी आजी काढून ठेवली होती!

सध्या मात्र मी एका बाईच्या ताब्यात आहे. केथे कोलविट्झ, जर्मन, 1867 चा जन्म. तिनं शंभराहून अधिक आत्मचित्रं केली, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. 1914 च्या ऑक्टोबरात तिचा धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या दफनभूमीसाठी तिनं शोक करणाऱ्या आईवडिलांची शिल्पं केली, तीही तिच्या आणि नवऱ्याच्या रूपात, पूर्ण व्हायला 1932 उजाडलं. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि तिला बर्लिनची अकादमी सोडावी लागली. त्या 1933 मध्ये तिनं कोळशात स्वतःला चित्र काढताना काढलंय, मूळ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चेहरा एका बाजूनं, शांत, काळजीपूर्वक केलेला. समोर कागदावर टेकलेला हात, तोही नीट. आणि या दोन्हींना जोडणारा दंड? दंड नाहीच! खांद्यापासून मनगटापर्यंत कोळशाची काडी आडवी धरून नागमोडी ओढलेला एक झंझावात आहे. बाही नाही, कोपर नाही, छायाप्रकाश नाही, रेषाही नाही. नुसता जोर! बघणारे डोळे आणि काढणारा हात यांच्यामध्ये जे धावतं, ते तिनं काढलंय. मी त्याची नक्कल करायचा प्रयत्न करते आहे. बसून जमत नाही, उभं राहावं लागतं, खांद्यातून हात फेकावा लागतो.

आणि पुढच्या महिन्यात मी पणजीला चालले आहे. आंतोनियो शावियर त्रिंदाद, जन्म 1870, गोव्यातल्या सांगे गावचे, जे. जे.त शिकले, तिथेच शिकवलं, लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणायचे. त्यांची चित्रं पणजीच्या फोंतेन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात आहेत, त्यांत घरच्या माणसांची कितीतरी, पत्नी फ्लोरेंतिनाची, मुलींची. पुस्तकातल्या चार इंची छपाईत मला फ्लोरेंतिनाच्या गालावरची सावली जिथे संपते ती जागा सापडत नाहीये. छपाईत ती हरवलीय की त्रिंदादांनी ती मुद्दाम हरवलीय? तुमच्यापैकी कुणी मूळ चित्र पाहिलं असेल तर कृपा करून मला सांगू नका. मला ते चार पावलं मागे सरून, डोळे किलकिले करून, स्वतः बघायचं आहे!